प्लेअरवर वेग बदलायचाय? आधी बघा, फाइल त्याला गाणं वाटतेय की पुस्तक

खिशातल्या म्युझिक प्लेअरवर वेग बदलायचा पर्याय शोधून शोधून माणूस कंटाळतो आणि शेवटी म्हणतो, यात ती सोयच नाही. पुष्कळदा ती सोय असते, पण दिसत नाही. कारण तुम्ही चढवलेली दोन तासांच्या व्याख्यानाची फाइल त्या प्लेअरच्या लेखी एक लांबलचक गाणं असते. गाणं कोण कशाला पळवेल, असा विचार करून बनवणाऱ्यांनी ती ओळ गाण्यांच्या मेनूत ठेवलेलीच नसते. तीच फाइल 'पुस्तक' किंवा 'पॉडकास्ट' म्हणून ओळखली गेली, की मेनूत वेगाची ओळ हजर होते.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. आधी खोक्यावर 'स्पीड कंट्रोल' छापलेला एक छोटा प्लेअर घेतला. वेग दीडपट केला आणि धीरगंभीर आवाजाचे व्याख्याते चिमणीसारखे चिवचिवायला लागले. छापलेलं खोटं नव्हतं. वेग बदलला होता, पण सोबत आवाजाची पट्टीही चढली होती. म्हणून मेनू धुंडाळण्याआधी वेग बदलण्याचे दोन प्रकार समजून घेऊ, म्हणजे पुढची अर्धी डोकेदुखी टळेल.

नुसतं पळवणं आणि सूर राखून पळवणं

पहिला प्रकार म्हणजे तबकडी जोरात फिरवणं. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावली की ती १.३५ पट वेगाने वाजते आणि गायकाचा आवाज बारीक होतो. डिजिटल प्लेअर हेच करतो तेव्हा सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं) वाजवायचे, त्याऐवजी त्याच वेळात जास्त नमुने संपवतो. लहरी आखूड होतात, म्हणून सूर चढतो. किती चढतो, हे सुरांच्या भाषेत फार नेमकं सांगता येतं: १.२५ पट वेगाला मूळचा सा शुद्ध गंधारावर जातो, १.५ पटीला पंचमावर आणि दुप्पट वेगाला तार षड्जावर. उलट दिशेला, अर्ध्या वेगाला सा मंद्र षड्जावर उतरतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, गाणं बसवताना कामाला येतं.

दुसऱ्या प्रकारात सूर जागचा हलत नाही. प्लेअर आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करतो. वेग वाढवायचा असेल तर मधले तुकडे गाळतो, कमी करायचा असेल तर काही तुकडे पुन्हा वाजवतो, आणि सांधे कळू नयेत म्हणून दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत मिसळतो. तुकड्याच्या आतली लहर तशीच राहते, म्हणून पट्टीही तशीच. याला टाइमस्ट्रेच म्हणतात. कल्पना जुनीच आहे. याच कामासाठी वापरली जाणारी फेज व्होकोडर ही पद्धत बेल लॅब्जमधल्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये मांडली. खिशातल्या प्लेअरमध्ये मात्र सहसा तुकडे गाळणारी साधी पद्धत असते, कारण ती छोट्या चिपला झेपते.

बोलण्यावर ही साधी पद्धत छान चालते. स्वरांमध्ये एकसारख्या लहरी एकामागून एक येत असतात. 'आ' मधल्या चार-दोन गाळल्या तर कानाला पत्ता लागत नाही. पण 'ट', 'प', 'क' यांचा स्फोट मुळातच क्षणभराचा असतो. तो गाळलेल्या तुकड्यात सापडला की 'पाट' आणि 'काट' यांतला फरक संदर्भावरून ओळखावा लागतो. वेग फार वाढवल्यावर वक्ता जिभेत काहीतरी धरून बोलतोय असं वाटतं, ते यामुळे. संथ करताना तालवाद्यांची पंचाईत होते: थाप नेमकी पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यात आली तर एका 'टक'चं 'टटक' होतं.

तेव्हा बोलण्यासाठी दुसरा प्रकार हवाच. गाण्यासाठी दोन्हींचा उपयोग आहे, पण वेगवेगळ्या कामांना.

एका मिनिटाची कसोटी

तुमचा प्लेअर कोणता प्रकार वापरतो, हे खोकं किंवा माहितीपत्रक क्वचितच सांगतं. त्यापेक्षा स्वतःच तपासा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घ्या. 'जनरेट' मेनूतून ४४० हर्ट्झचा अखंड सूर २० सेकंदांचा बनवा, त्यापुढे 'ऱ्हिदम ट्रॅक'मधून २० सेकंद ठोके टाका, आणि शेवटचे २० सेकंद स्वतःच्या आवाजात आकडे मोजा. बरोबर ६० सेकंदांची फाइल झाली. ती एमपी३ करून प्लेअरवर टाका.

आता वेग १.५ लावा आणि घड्याळ धरा. फाइल ४० सेकंदांत संपली पाहिजे. ४५ लागले तर त्या प्लेअरचा 'दीडपट' प्रत्यक्षात १.३३ पट आहे. जिथे आकड्यांऐवजी नुसतं 'फास्ट' लिहिलेलं असतं, तिथे तर घड्याळाशिवाय कळायला मार्गच नाही. सुरुवातीचा सूर मूळ उंचीवर राहिला तर टाइमस्ट्रेच आहे, आणि चढला तर नुसतं पळवणं. ठोक्यांच्या भागात 'टटक' ऐकू येतं का तेही बघा, त्यावरून सांधे किती सफाईचे आहेत ते कळतं. दुकानात प्लेअर हातात घेऊन बघायची मुभा असेल तर हीच फाइल मेमरी कार्डावर घेऊन जा. विक्रेत्याला विचारलेल्या दहा प्रश्नांपेक्षा हे एक मिनिट जास्त सांगून जाईल.

फाइलला 'पुस्तक' कसं बनवायचं

क्लिक व्हील, म्हणजे बोटाने चालवायचं गोल चाक, असलेल्या आयपॉडवर हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. २००४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या आयपॉडपासून सेटिंगमध्ये 'ऑडिओबुक्स' नावाची ओळ आहे. तिच्यात स्लोअर, नॉर्मल आणि फास्टर असे तीनच पर्याय मिळतात, आणि फरक साधारण पावपट पडतो. सूर जागेवर राहतो. पण ही ओळ गाण्यांना लागू नाही. तुमच्या फाइलला ती लागू करायची असेल तर असं करा:

१. फाइल एमपी३ असेल तर आधी ती एएसी या दुसऱ्या ऑडिओ प्रकारात रूपांतरित करा. शेवटी 'एम४ए' असलेली नवी फाइल मिळेल.

२. त्या नावातलं 'एम४ए' खोडून 'एम४बी' लिहा. हा बी पुस्तकाचा, म्हणजे बुकचा. एमपी३ फाइलचं नुसतं नाव बदलून भागत नाही. आतला माल एएसीच हवा.

३. फाइल आयट्यून्समध्ये, म्हणजे आयपॉड भरायच्या ॲपलच्या प्रोग्रॅममध्ये, घ्या. तिच्या 'गेट इन्फो' खिडकीत 'ऑप्शन्स'खाली 'मीडिया काइंड' असतो, तिथे 'ऑडिओबुक' आलंय याची खात्री करा.

४. आयपॉडवर चढवा. आता ती गाण्यांच्या यादीत न दिसता ऑडिओबुक्समध्ये दिसेल. गाणी उलटसुलट वाजवताना व्याख्यान मध्येच टपकायचं बंद होतं आणि जिथे थांबलात ती जागाही लक्षात राहते, हा वरचा फायदा.

मॅक संगणकावर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून आयट्यून्स नाही. तिथे ऑडिओबुकं 'बुक्स' ॲपमधून जातात. आयपॉड टच २०२२ मध्ये बंद झाला, पण हातात असेल तर त्यावर पॉडकास्ट आणि पुस्तकांच्या ॲपमध्ये वेगाचं बटण समोरच असतं.

सॅनडिस्कच्या सान्सा क्लिप प्लस सारख्या प्लेअरमध्ये हेच काम फोल्डरने होतं. प्लेअर संगणकाला जोडला की 'ऑडिओबुक्स' आणि 'पॉडकास्ट्स' नावाचे फोल्डर दिसतात. व्याख्यानाची फाइल 'म्युझिक'मध्ये न टाकता त्यांपैकी एकात टाका. मग ती वाजत असताना पर्यायांचं बटण दाबलं की स्लो, नॉर्मल, फास्ट ही ओळ मिळते. फोल्डर बदलूनही फाइल गाण्यांतच दिसत राहिली तर तिच्या टॅगमधला (फाइलसोबत साठवलेल्या माहितीतला) 'जॉनर', म्हणजे प्रकार, तपासा. तिथे 'स्पीच' किंवा आणखी काही लिहिलेलं असेल तर ते पुसून 'ऑडिओबुक' लिहा.

सोनीच्या मंडळींनी डीपीसी हा शब्द शोधून ठेवावा. त्याचा अर्थ डिजिटल पिच कंट्रोल. त्यांच्या व्हॉइस रेकॉर्डरवर आणि काही वॉकमनवर वेगाचं सेटिंग या नावामागे दडलेलं असतं. वॉकमनमध्ये ते कधी भाषा शिकण्याच्या सोयींत ठेवलेलं सापडतं. नाव अनोळखी असल्यामुळे लोक त्यावरून दहादा पुढे जातात.

बिननावाच्या स्वस्त प्लेअरमध्ये 'व्हेरिएबल स्पीड' अशी ओळ असते आणि तिच्यात शून्याच्या अल्याडपल्याड उणे-अधिक आकडे. शून्य म्हणजे मूळ वेग. एकेक आकडा म्हणजे किती टक्के, हे कुठेच लिहिलेलं नसतं, तिथे आपली कसोटी फाइल लावायची. हा पर्याय मुख्य सेटिंगमध्ये शोधू नका. फाइल वाजत असतानाच मेनूचं बटण दाबा. आणि एका प्रकारच्या फाइलला तो चालला नाही म्हणून निराश होऊ नका, एमपी३ करून पुन्हा बघा.

अँड्रॉइडवर चालणारे मोठे प्लेअर असतील तर प्रश्न जवळजवळ संपतोच. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, वेग बदलण्याची सोय त्या प्रणालीतच आहे. व्हीएलसी हे ॲप टाका, वाजवायच्या पडद्यावरच्या पर्यायांत वेगाची पट्टी सरकवा, झालं. मात्र डीएसडी या अतिशुद्ध आवाजासाठीच्या फाइलवर प्रयोग करू नका. तिच्यात सेकंदाला किमान २८,२२,४०० एक-बिटी नमुने असतात आणि ती आधी पीसीएममध्ये, म्हणजे नेहमीच्या डिजिटल नमुन्यांत, बदलल्याशिवाय वेगाला हात लावता येत नाही. मूळ शुद्धतेसाठी घेतलेली फाइल ताणून ऐकण्यात काही अर्थही नाही.

प्लेअरमध्ये सोयच नसेल तर: रॉकबॉक्स

रॉकबॉक्स म्हणजे प्लेअरच्या मूळ फर्मवेअरच्या (प्लेअर चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमच्या) जोडीला बसवायचं मोफत, मुक्त फर्मवेअर. २००१ च्या अखेरीस आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी हे काम सुरू झालं आणि नंतर कित्येक आयपॉड, सान्सा आणि इतर प्लेअरपर्यंत पोचलं. वेगाच्या बाबतीत याच्या जवळपास येणारं खिशातलं यंत्र मी पाहिलेलं नाही: सूर राखून ३५ टक्क्यांपासून २५० टक्क्यांपर्यंत, तेही बारीक पावलांनी, आणि गाणं-पुस्तक असा भेदभाव नाही.

पहिली पायरी कंटाळवाणी पण महत्त्वाची. तुमचं मॉडेल रॉकबॉक्सच्या यादीत आहे का ते अक्षर न अक्षर तपासा. क्लिप प्लस चालतो, पण दिसायला त्याच घराण्यातले क्लिप स्पोर्ट आणि क्लिप जॅम चालत नाहीत. नावातल्या एका शब्दावर सगळं अवलंबून आहे. आयपॉड मॅकवर फॉरमॅट केलेला असेल तर तो आधी विंडोजच्या पद्धतीने, म्हणजे फॅट३२ मध्ये, फॉरमॅट करावा लागतो. तसं करताना आतलं सगळं जातं, म्हणून आधी नक्कल काढा. बॅटरी भरलेली ठेवा आणि 'रॉकबॉक्स युटिलिटी' हा प्रोग्रॅम संगणकावर चालवून त्यातून बसवा. मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही. क्लिप प्लसवर सुरू करताना डावं बटण दाबून धरलं की जुनं घर परत उघडतं.

बसवल्यानंतर 'सेटिंग्ज'मधल्या 'साउंड सेटिंग्ज'मध्ये जा, खाली उतरत 'टाइमस्ट्रेच' शोधा आणि 'येस' करा. मग प्लेअर बंद करून पुन्हा चालू करा. ही पायरी गाळणारे पुष्कळ भेटतात. सेटिंग 'येस' दाखवत असतं, पण बंद-चालू केल्याशिवाय ते कामाला लागत नाही.

आता फाइल वाजवा. ती वाजत असताना मेनूचं किंवा निवडीचं बटण थोडा वेळ दाबून धरा, यादी उघडेल, तिच्यात 'पिच' निवडा. पडद्यावर चारी दिशांना काहीबाही लिहिलेलं दिसेल. इथे नीट बघा. डाव्या-उजव्या बाजूला उणे २ आणि अधिक २ टक्के लिहिलं असेल, तर ती बटणं वेग बदलत नाहीत. बोट दाबलेलं असेपर्यंत तात्पुरता धक्का देतात आणि सोडलं की आवाज मूळपदावर. हे डीजेंसाठी आहे, दोन गाण्यांचे ठोके जुळवायला. मोड बदलायचं बटण दाबत राहा, डाव्या-उजव्या बाजूला संथ आणि जलद असे शब्द येईपर्यंत. आता डावं-उजवं वेग बदलेल, वर-खाली सूर बदलेल, आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम होणार नाही. कोणत्या प्लेअरवर मोडचं बटण कोणतं, हे त्या-त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती पीडीएफ उतरवून ठेवाच. पडद्यावर १४० टक्के वेग आणि १०० टक्के सूर दिसला की मागे या. प्लेअर पुन्हा चालू कराल तेव्हा हा आकडा टिकलाय का ते एकदा बघून घ्या.

याच पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की टाइमस्ट्रेच बोलण्यासाठी आहे आणि गुंतागुंतीच्या संगीताची मजा त्याने बरीच कमी होऊ शकते. प्रामाणिक लोक. माझाही अनुभव तोच: निवेदनाला १५० टक्क्यांवर काही होत नाही, भरगच्च वाद्यवृंद मात्र १२० लाच पाण्याखालून वाजल्यासारखा वाटायला लागतो.

दोन उणिवा सांगून ठेवतो. वाढलेल्या वेगाला चिपला जास्त राबावं लागतं. दुप्पट वेगाला तेवढ्याच वेळात दुप्पट फाइल उलगडायची आणि वर तुकडे गाळायचे. म्हणून बॅटरी लवकर उतरते. आणि ज्या विकतच्या ऑडिओबुकांना कॉपीविरोधी कुलूप असतं, ती रॉकबॉक्समध्ये उघडत नाहीत.

प्लेअरला हात न लावता फाइलच बदलायची

मूळ प्लेअर जुना, पर्याय नाहीत, रॉकबॉक्स चालत नाही. अशा वेळी वेग फाइलमध्येच भरून द्यायचा. मग कुठलाही प्लेअर ती साध्या गाण्यासारखी वाजवेल आणि बॅटरीवरही ताण नाही. संगणकाकडे ताकद जास्त असल्यामुळे आवाजही खिशातल्या प्लेअरपेक्षा बहुधा चांगलाच निघतो. तोटा एकच: वेग नंतर बदलता येत नाही.

आधी माझी चूक ऐका. चाळीस व्याख्यानांचा संच मी एका बैठकीत दीडपट केला आणि त्याच नावांनी त्याच फोल्डरमध्ये साठवला. आठवड्याने कळलं की त्यातले एक वक्ते मुळातच भरधाव बोलतात आणि दीडपटीला त्यांचं एक वाक्य धड कळत नाही. मूळ फाइल उरल्या नव्हत्या. बदललेली फाइल परत ताणून मूळ आवाज मिळत नाही, कारण गाळलेले तुकडे गेले ते गेलेच. तेव्हापासून नियम: मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि बदललेल्या फाइलच्या नावात वेगाचा आकडा.

आता कृती. फाइल ऑडॅसिटीत उघडा. वेगाला हात लावण्याआधी 'ट्रंकेट सायलेन्स' हा इफेक्ट द्या. बोलणाऱ्याच्या दोन वाक्यांमधल्या लांब शांतता तो आखूड करतो. आपसूक आलेल्या सेटिंगमध्ये उंबरठा, म्हणजे ज्याखालचा आवाज शांतता धरायचा ती पातळी, उणे २० डेसिबल असतो. तो बोलण्यासाठी फार वरचा आहे, वाक्याच्या शेवटी हळू झालेले शब्दही तो शांतता समजून कापतो. मी उणे ३५ ते उणे ४० च्या दरम्यान ठेवतो आणि अर्ध्या सेकंदाहून लांब शांतता ०.३ सेकंदांवर आणतो. संथ, थांबत थांबत बोलणाऱ्या वक्त्याच्या बाबतीत एवढ्यानेच इतका वेळ वाचतो की वेग वाढवायची गरज उरत नाही, आणि शब्द एकही बिघडत नाही. कविता किंवा नाट्यवाचन असेल तर मात्र हे करू नका. तिथली शांतता हा मजकुराचाच भाग असतो.

मग सगळं निवडून 'चेंज टेम्पो' घ्या. शेजारचे 'चेंज पिच' आणि 'चेंज स्पीड' चुकून घेऊ नका. पहिला फक्त सूर बदलतो, दुसरा तबकडीसारखं दोन्ही बदलतो. टेम्पोच्या खिडकीत टक्के भरायचे असतात, त्यात गफलत होते. ४० टक्के बदल म्हणजे १.४ पट वेग. ६० मिनिटांची फाइल त्याने ४३ मिनिटांवर येते, ३६ वर नाही. खिडकीत नवी लांबी दिसते, तिच्यावरून पडताळा. आधी दोन मिनिटांचा तुकडा निवडून 'प्रीव्ह्यू' किंवा निर्यात करून प्लेअरवरच ऐका. संगणकाच्या स्पीकरवर जे सुसह्य वाटतं ते रस्त्याच्या गोंगाटात इअरफोनवर कळेलच असं नाही.

निर्यात करताना बोलण्याला मोनो आणि ६४ केबीपीएस पुरतं. तासाभराची फाइल २८.८ एमबी होते. बिटरेट (दर सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा) 'कॉन्स्टंट', म्हणजे एकसारखा, ठेवा. बदलता बिटरेट असलेल्या फाइलमध्ये जुने प्लेअर मिनिटांचा हिशेब चुकवतात आणि पुढे सरकवताना भलतीकडे उडी मारतात. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि सुरुवातीला 01, 02 असे आकडे इंग्रजी अंकांतच घाला. बऱ्याच छोट्या प्लेअरना देवनागरी लिपी येत नाही, नावाच्या जागी चौकटी दिसतात. शिवाय काही प्लेअर नावाप्रमाणे न वाजवता ज्या क्रमाने फाइल चढवल्या त्या क्रमाने वाजवतात, म्हणून चढवतानाही क्रमानेच चढवा.

फाइल पुष्कळ असतील तर 'मॅक्रो मॅनेजर'मध्ये शांतता कापणं, टेम्पो आणि निर्यात या तीन पायऱ्या एकदा लिहून ठेवा आणि सगळ्या फाइल एकदम द्या. रात्री लावून झोपायचं. पण पहिल्यांदा तीनच फाइल द्या, चाळीस नाही.

किती वेग?

हिशेबच बघा. तासाचं व्याख्यान १.२५ पटीला ४८ मिनिटांत संपतं, म्हणजे १२ मिनिटं वाचतात. १.२५ वरून १.५ वर गेलात तर आणखी ८. १.५ वरून १.७५ वर जाऊन पावणेसहाही मिळत नाहीत, आणि तिथून दुप्पटीवर जाऊन फक्त सव्वाचार. कष्ट मात्र दर पायरीला वाढत जातात. माझं मत: ओळखीच्या विषयाला १.४, अनोळखी विषयाला १.२, आणि परकी भाषा शिकत असाल तर ०.८. एका आठवड्यात ०.०५ पेक्षा जास्त वाढवू नका, कान हळूहळू सरावतो. प्लेअरच्या पडद्यावरची 'उरलेली मिनिटं' बहुधा मूळ वेगाचीच असतात, त्यांना वेगाच्या आकड्याने स्वतः भागावं लागतं.

गाणं बसवण्यासाठी संथ करताना

इथे उद्देश उलटा. एखादी अवघड तान किंवा गिटारचा तुकडा सुटा सुटा ऐकायचाय. ८० टक्क्यांपर्यंत टाइमस्ट्रेच ठीक. ७० च्या खाली गेलात की सूर थरथरल्यासारखे वाटतात आणि खरी मींड कुठली, प्लेअरने पाडलेली सुरकुती कुठली, ते कळेनासं होतं. अशा वेळी टाइमस्ट्रेच सोडा आणि साधं पळवणं वापरून वेग बरोबर ५० टक्के करा. सगळे सूर एक सप्तक खाली जातात, पण सा तो साच राहतो, ग तो गच. तुकडे गाळणं-जोडणं काहीच नसल्यामुळे आवाज स्वच्छ राहतो आणि प्रत्येक सूर मोजून घेता येतो. ७५ टक्के केलंत तर सा मंद्र पंचमावर बसेल आणि आपली पट्टी बदलून गावं लागेल. म्हणून निम्म्यावरच थांबा. रॉकबॉक्समध्ये सुराची खालची मर्यादाही नेमकी ५० टक्केच आहे.

सोबत 'ए-बी रिपीट', म्हणजे ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायची सोय, वापरा. तुकड्याच्या थोडं आधी 'ए' लावा, थोडं नंतर 'बी'. थोडं आधी यासाठी, की अगदी तानेच्या तोंडाशी लावलं तर दर फेरीला पहिला सूर अर्धवट ऐकू येतो आणि तोच चुकीचा पाठ होतो. निम्म्या वेगाला बसलं की ७०, मग ८५, मग पूर्ण. मधल्या पायऱ्यांना टाइमस्ट्रेच लावा, तोवर सूर कानात पक्के झालेले असतात.

आणि पुस्तक ऐकून झाल्यावर वेग पुन्हा शंभरवर आणा. काही प्लेअर आपोआप आणतात, काही नाही. आवडीचं गाणं लावावं आणि गायकाला गाडी गाठायची असल्यासारखं ते धावत सुटावं, तेव्हा प्लेअर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी ती एक ओळ बघा.